वहीत 'म्हणून' कधी येणार? बालवाड्या आणि केजी चालवणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
बालवाडी, नर्सरी, ज्युनिअर आणि सीनिअर केजी चालवणारे सर्व संस्थाचालक आणि मुख्याध्यापिका,

सप्रेम नमस्कार.

माझ्या कपाटात एक जुनी फाइल आहे. तिच्यात वहीतून फाडलेलं अर्धं पान आहे. त्यावर पहिलीतल्या एका मुलीने पेन्सिलीने, ओळ सोडून वर-खाली जात लिहिलंय: 'आजिच दात पडल मनुन ति बाळ झालि.' खाली तिने आजी काढली आहे, पाळण्यात झोपलेली.

त्या दिवशी माझ्या हातात लाल पेन होतं. ते मी खाली ठेवलं, कारण तिने काय केलंय ते माझ्या ध्यानात आलं. बाळाला दात नसतात हे तिने घरातल्या तान्ह्या भावाकडे बघून टिपलं होतं. आजीचेही दात गेलेले तिने पाहिले. दोन गोष्टी शेजारी ठेवल्या आणि निष्कर्ष काढला. निष्कर्ष चुकला होता, पण काढायची रीत बरोबर होती. आणि ती रीत बांधायला तिला जो शब्द लागला तो तिला कुणी फळ्यावर लिहून दिला नव्हता. 'मनुन.'

मी 31 वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवलं, त्यातली बहुतेक पहिली-दुसरीला. नोकरीच्या सुरुवातीला पहिलीत येणाऱ्या बऱ्याच मुलांनी पाटी कधी हातात धरलेली नसायची. शेवटच्या दहा-बारा वर्षांत चित्र पालटलं. तालुक्याच्या गावी केजी निघाल्या, मग आमच्या गावात, मग वाडीवरही. दोन-तीन वर्षं केजी करून, पुढची फी झेपेना म्हणून काही मुलं आमच्याकडे पहिलीला येऊ लागली. त्यांचं अक्षर सुरेख असायचं. शिरोरेघा सरळ, 'क'चे दोन्ही कान सारखे, एबीसीडी मोठी आणि छोटी, शंभरपर्यंत आकडे. मी त्यांच्यापुढे कोरा कागद ठेवायचे आणि म्हणायचे, 'तुला वाटेल ते लिही.' ती माझ्या तोंडाकडे बघत बसायची. 'बाई, काय लिहू? फळ्यावर लिहून द्या ना.'

हे एक-दोन मुलांचं असतं तर मी पत्र लिहिलं नसतं. दरवर्षी तेच व्हायचं. दोन-तीन वर्षं रोज पेन्सिल चालवलेल्या मुलांकडे लिहायला स्वतःचं काही नसायचं, आणि अंगणात भातुकली खेळून आलेलं मूल वेड्यावाकड्या चार रेघा मारून मला सांगायचं, 'हा आमचा बैल. तो रुसलाय.'

निवृत्त झाल्यावर हा विषय माझ्यापुरता संपला असं मला वाटलं होतं. पण आमच्या शेजारी चार वर्षांची एक मुलगी राहते. रोज संध्याकाळी भिंतीपलीकडून तिचं रडणं ऐकू येतं. दोन पानं 'क', दोन पानं 'ख', एक पान मोठा 'ए', एक पान एक ते वीस. आई दमून कामावरून आलेली असते, लेकीचा हात हातात धरून गिरवून घेते आणि स्वतःही रडकुंडीला येते. शाळेचं नाव मी लिहीत नाही. नाव बदललं तरी वही तीच राहील.

तुमची बाजू मला ठाऊक आहे. तुमच्यातल्या कित्येकजणींशी मी बोलले आहे. तुम्ही म्हणता, 'बाई, आम्हालाही कळतं. पण पालकांना भरलेली वही दिसली नाही की ते म्हणतात, इथे नुसतं खेळवतात. पुढच्या वर्षी मूल काढून दुसरीकडे घालतात.' हे खरं आहे. शेजारची शाळा ज्युनिअरलाच बाराखडी घेते म्हटल्यावर तुम्ही एकट्यांनी मागे कसं राहायचं? तुमच्या ताईंना मिळणारा पगारही मला ठाऊक आहे, आणि एका खोलीतली चाळीस मुलंही. चाळीस मुलांना शांत बसवायचा सर्वात सोपा मार्ग म्हणजे गिरवायला देणं. ही अडचण मी हलकी मानत नाही. तरीही सांगते की त्या वहीत जे भरलं जातंय ते लेखन नाही, आणि त्या वेळात जे राहून जातंय ते पुढे पहिलीत आम्हाला सहजी भरून काढता येत नाही.

आधी हाताचं बोलू, ते थोडक्यात संपतं. मनगटात आठ छोटी हाडं असतात. जन्माच्या वेळी ती सगळी कूर्चेची, कानाच्या वरच्या कडेसारखी लवचिक असतात. चौथ्या वर्षाच्या आसपास त्यातली जेमतेम निम्मी हाडासारखी घट्ट होऊ लागलेली असतात, आणि वाटाण्याएवढं शेवटचं हाड तर नवव्या-दहाव्या वर्षाकडे. बोटांचे बारीक स्नायूही तसेच हळूहळू तयार होतात. या हाताला बारीक पेन्सिल धरून दोन रेघांच्या मध्ये वीस वेळा तोच आकार काढायला लावणं म्हणजे त्याला दुखवणं आहे. या वयाच्या हाताला मटार सोलायचे असतात, शेंगा फोडायच्या असतात, कणकेचा गोळा मळायचा असतो, झेंडूच्या पाकळ्या सुट्या करायच्या असतात, मोठी फुलं दोऱ्यात ओवायची असतात. आपल्या घरांत हे सगळं आहे. पैसे पडत नाहीत. ठिपक्यांची रांगोळी घ्या. चार ठिपके चार ओळी मांडायच्या, कुठला ठिपका कुठल्याला जोडायचा हे आधी डोळ्याने ठरवायचं, मग हात चालवायचा. त्यात रेषेवरचा ताबा आहे, मोजणं आहे आणि पुढचा विचारही आहे.

आता खरा मुद्दा. लहान मुलाला तर्क शिकवावा लागतो असं आपण धरून चालतो. तो त्याच्याकडे असतोच. आपल्याला तो चुकीसारखा दिसतो म्हणून आपण पुसून टाकतो.

तीन वर्षांचं मूल 'मी केलं' न म्हणता 'मी करलं' म्हणतं. घरात असं कुणी बोलत नाही, म्हणजे ते त्याने ऐकून उचललेलं नाही. 'पड'चं पडलं, 'बस'चं बसलं, 'धर'चं धरलं, तर 'कर'चं करलं. हा नियम त्याने स्वतः शोधला. आपली भाषा त्या ठिकाणी नियम मोडते, हा त्याचा दोष नाही.

लिहिताना हेच होतं. मूल 'ज्ञान'ला 'द्न्यान' लिहितं. तुम्ही स्वतः तो शब्द सावकाश म्हणून बघा, आपण मराठी माणसं 'द्न्यान'च म्हणतो. मूल 'सूर्य'चं 'सुरय' करतं, कारण त्याच्या कानाला 'र' आधी येतो आणि कागदावर मात्र तो रफार होऊन 'य'च्या डोक्यावर चढतो. 'दिवा' लिहिताना पहिली वेलांटी 'द'च्या पुढे टाकतं, कारण तोंडातून आधी 'द' निघतो आणि 'इ' नंतर, पण लिपी मात्र वेलांटी आधी मागते. या प्रत्येक चुकीत मुलाने आपला आवाज ऐकलाय, त्याचे तुकडे केलेत आणि तुकड्याला चिन्ह शोधलंय. वीस वेळा 'क' गिरवण्यात यातलं काहीच होत नाही.

आकड्यांचंही तसंच. 'पंचवीस' ऐकून मूल 52 लिहितं. का? कारण 'पंच' आधी ऐकू आलं. 'त्रेसष्ट' ऐकून 36 लिहितं, कारण तीन आधी आले आणि साठ नंतर. एकोणतीस तर त्याला फसवणूकच वाटते, कानात तीस आणि कागदावर दोन! 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस'च्या जोडीला 'वीस एक' असं वाचन आलं, तेव्हा केवढा गदारोळ उठला ते तुम्हाला आठवत असेल. गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर मुलांची अडचण समजावून सांगत होत्या आणि वृत्तवाहिन्यांवर लोक हसत होते. तो उपाय योग्य होता की नाही यावर मतं असू शकतात. माझं मत विचाराल तर जुनी नावं सोडू नयेत आणि जोडीला दुसरी वाट द्यायला हरकत नसावी. पण 52 लिहिणारं मूल मूर्ख नाही, ते क्रम पाळतंय, हे त्या सगळ्या आरडाओरडीत फार थोड्यांनी ऐकलं.

मुलं लिपीबद्दलही स्वतःचे अंदाज बांधतात. एमिलिया फेरेरो या अर्जेंटिनात जन्मलेल्या अभ्यासक बाईंनी आना तेबेरोस्की यांच्याबरोबर स्पॅनिश बोलणाऱ्या लहान मुलांकडे बसून हे बारकाईने पाहिलं, 1979 मध्ये ते प्रसिद्ध केलं. अक्षर ओळख होण्याआधीच मुलांना वाटतं की मोठ्या वस्तूचं नाव लांब असणार आणि लहान वस्तूचं आखूड. मी हे वाचलं आणि वर्गात दोन चिठ्ठ्या धरल्या, एकीवर 'बैल', दुसरीवर 'फुलपाखरू'. 'यातला बैल कुठला?' अजून वाचता न येणाऱ्या बहुतेक मुलांनी लांब चिठ्ठीवर बोट ठेवलं. मग मी दोन्ही शब्द टाळ्या वाजवत म्हणून दाखवले. बै-ल. फु-ल-पा-ख-रू. एक मुलगा उठून म्हणाला, 'बाई, बैलाला दोनच टाळ्या! त्याचं नाव लहान आहे, तो मोठा आहे.' शब्द ही वस्तूपासून वेगळी गोष्ट आहे, तिला स्वतःची लांबी आहे, हे त्याला त्या क्षणी कळलं. वाचायला शिकण्याच्या वाटेवरची ही फार मोठी पायरी आहे आणि कुठल्याही गिरवायच्या पानावर ती नाही.

शब्दांच्या भेंड्या आठवतात ना? गाडीत, ओट्यावर, दिवे गेले की अंधारात आपण खेळायचो. 'कमळ'चा 'ळ' आला की रडारड व्हायची. त्या खेळात मूल शब्दाचं शेवटचं अक्षर कानाने सुटं करतं. हे कौशल्य आलं की अक्षरओळख झपाट्याने होते. दिवसातली दहा मिनिटं भेंड्यांना द्या.

एक प्रसंग सविस्तर सांगते, कारण तो मला अजून दिसतो. मार्च महिना, शाळेमागे हौद. मी पिशवीत वेगवेगळ्या वस्तू घेऊन गेले होते. खडा, शेंग, पान, खिळा, बुच. 'काय बुडेल, काय तरंगेल?' वस्तू टाकण्याआधी प्रत्येकाने सांगायचं, आणि 'का' तेही सांगायचं, ही एकच अट. पहिला नियम पाच मिनिटांत निघाला: 'मोठं ते बुडतं.' खडा शेंगेपेक्षा लहान होता, तो बुडाला आणि शेंग तरंगली. नियम मोडला. मग नवा नियम, 'जड ते बुडतं.' हा सगळ्यांना पटला. तेव्हा मी कलिंगड काढलं. दोन मुलांनी मिळून उचललं, 'लई जड' म्हणाले, आणि हौदात सोडलं. कलिंगड तरंगलं. कुणी ओरडलं नाही, सगळे गप्प झाले. बराच वेळ नुसते बघत राहिले. त्या शांततेत मी काही बोलले नाही, आणि माझ्या सगळ्या नोकरीत मी केलेलं ते सर्वात चांगलं काम असावं असं मला आज वाटतं.

दुसऱ्या दिवशी मी दोन संत्री नेली. एक सालीसकट टाकलं, तरंगलं. दुसरं सोलून टाकलं, बुडालं. सोललेलं तर हलकं झालं होतं! मागे उभी असलेली, वर्गात सहसा न बोलणारी एक मुलगी म्हणाली, 'त्याचा स्वेटर काढला म्हणून बुडालं.' मी विचारलं, स्वेटरमध्ये काय असतं? ती म्हणाली, 'वारं असतं. ऊब येती ना त्याच्यानं.' सालीत हवा अडकलेली असते म्हणून संत्रं तरंगतं, हे शास्त्राचं पुस्तक सांगेल त्याच्या अगदी जवळ ती तिच्या वाटेने येऊन पोहोचली. वर्गात आल्यावर कुणी न सांगता मुलांनी चित्रं काढली. ज्यांना अक्षरं येत होती त्यांनी खाली लिहिलं. 'कलगड तरगत.' अनुस्वार नव्हते. एकाने हौद काढून आत बाण काढला होता, खाली जाणारा. तोही मी लेखनातच धरला, कारण काय झालं हे त्याने न बोलता दुसऱ्याला कळवलं होतं.

लेखनाचा उगम बालकाच्या हावभावात, खेळात आणि चित्रात असतो, असं रशियन मानसशास्त्रज्ञ वायगॉट्स्की यांनी जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी मांडलं. काठीचा घोडा करणारं मूल एका वस्तूला दुसरीच्या जागी उभं करतं, आणि अक्षरही तेच काम करतं. मुलांना आपण अक्षरं रेखाटायला शिकवतो, लिखित भाषा शिकवतच नाही, ही त्यांची तक्रार आपल्या वह्या बघून आजही लिहिता येईल.

आणि हे बाहेरून आयात केलेलं आहे असंही समजू नका. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडकांनी गिजुभाई बधेकांबरोबर 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघाचं काम सुरू केलं आणि 1945 मध्ये त्या आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला आल्या. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात नेऊ, असं म्हणून त्यांनी आणि अनुताई वाघांनी पाड्यापाड्यावर वर्ग भरवले. 'अंगणवाडी' हा शब्द तिथला. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात भरायची ती कुरणशाळा. पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. डी.एड.ला असताना आमची सहल तिथे गेली होती. महागडी साधनं आणणार कुठून, म्हणून शिंपले, बिया, पानं, खडे हीच साधनं झाली होती. मुलं पानांची वर्गवारी करत होती, आधी रंगाने, मग कडेने, मग देठाच्या लांबीने. एकाच ढिगाला तीन वेगवेगळ्या नियमांनी वाटायचं आणि आपला नियम दुसऱ्याला ओळखायला लावायचा. तर्काचं शिक्षण आणखी कसं असतं? 1975 मध्ये देशभर एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली तेव्हा तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळालं. हा आपल्या घरचा वारसा आहे. तुमच्या भिंतीवर कार्टूनची चित्रं आहेत, तिथे जवळच एक टोपली चिंचोक्यांची असू द्या.

फलटणच्या प्रगत शिक्षण संस्थेत मॅक्सीन बर्नसन यांनी मराठी वाचन-लेखनावर जे काम केलं त्यातून मी एक गोष्ट उचलली. अक्षरं 'अ' ते 'ज्ञ' अशी रांगेने न शिकवता थोडी थोडी, अशा गटात घ्यायची की त्यांचे लगेच शब्द होतील. नुसते क, म, ल, र आणि काना घ्या. काका, मामा, काम, काल, लाल, मला, कमाल, कमर. आठवड्याभरात मूल 'काका, काम कर' असं लिहून काकाला नेऊन दाखवू शकतं. 'क'ची दोन पानं भरण्यापेक्षा काकाच्या चेहऱ्यावरचं हसू त्याला लेखन म्हणजे काय ते जास्त नीट सांगतं.

आता माझं मागणं. सगळं एकदम बदला असं मी म्हणत नाही.

रोज सकाळी एका मुलाची बातमी फळ्यावर लिहा. मूल सांगेल ते, त्याच्याच शब्दांत. 'आमच्या मांजरीला पिल्लं झाली पण ती दाखवत न्हाई.' 'न्हाई' असंच लिहा, 'नाही' नंतर कळेल. मग बोट फिरवत वाचून दाखवा. आपण बोललेलं कागदावर राहतं आणि दुसऱ्याला वाचता येतं, हे ज्या मुलाने वर्षभर पाहिलं ते लिहायला उत्सुक असतं. ऊसतोडीच्या घरातून, पाड्यावरून, दुसऱ्या बोलीतून आलेल्या मुलाला तर याची गरज सर्वात जास्त. त्याच्या तोंडचं 'पानी' पहिल्याच दिवशी 'पाणी' करून घेतलं की पुढे ते बोलतच नाही, आणि जे बोलत नाही ते लिहिणार काय?

गोष्ट सांगा आणि मध्येच थांबा. काऊचं घर शेणाचं, चिऊचं घर मेणाचं. पाऊस आला, काऊचं घर वाहून गेलं. 'का?' विचारा. एका वर्षी मला उलट प्रश्न आला, 'बाई, मग उन्हाळ्यात चिऊचं घर वितळंल की! तवा ती काऊकडं जाईल का?' त्या दिवशी आमची गोष्ट पुढे दोन तास चालली, आणि काऊने आपलं दार उघडलं की नाही यावर वर्गात दोन तट पडले. प्रत्येक तटाकडे कारणं होती.

चौरेघी वह्या पाच वर्षांच्या आत देऊ नका. कोरे कागद द्या, पाठकोरे चालतील. जाड खडू द्या, जमीन द्या. मुलांना रेघोट्या मारायला आवडतं, पेन्सिल हातात घ्यावीशी वाटते, ती काढून घ्या असं मी म्हणतच नाही. अक्षराला वळण हवं, मीही पहिलीत ते मन लावून शिकवलंय. पण वळण हे सांगण्यासारखं काही असलेल्याच्या हाताला लावायचं असतं. उलटी काढलेली अक्षरं, उलटे आकडे या वयात सगळीकडे दिसतात आणि बहुतेकांचे आपोआप सुलट होतात, त्यावर लाल फुली नको.

गृहपाठ बंद करा. केंद्राचं 2020 चं दप्तर धोरण दुसरीपर्यंत गृहपाठ नको म्हणतं आणि पूर्वप्राथमिकला दप्तरच नको म्हणतं. 'पुढच्या शाळेच्या मुलाखतीसाठी तयारी करून घ्यावी लागते' असं तुम्ही सांगता, पण पहिलीच्या प्रवेशासाठी मुलाची चाळणी लावायला शिक्षण हक्क कायद्यानेच मनाई आहे. नव्या शिक्षण धोरणात तीन ते आठ वर्षं हा एकच टप्पा धरलाय. म्हणजे तुमची सीनिअर केजी आणि आमची पहिली एकाच ओसरीवरच्या आहेत, आणि तुमच्याकडे कच्चं राहिलेलं मूल आमच्याकडे येऊन सावकाश शिकेल याला सरकारनेही मुभा दिली आहे.

आणि पालक. त्यांना भरलेली वही हवी असते, कारण दुसरं काही त्यांना आपण कधी दाखवलेलंच नाही. प्रत्येक मुलाची एक फाइल करा. जूनमधलं एक चित्र आणि त्याबद्दल मूल काय बोललं ते ताईने शब्दशः लिहिलेलं. दिवाळीनंतर एक. एप्रिलमध्ये एक. तारखा टाका. पालकसभेत तिन्ही शेजारी ठेवा. जूनमध्ये 'हे घर' म्हणणारं मूल एप्रिलमध्ये 'हे घर आहे पण दार उघडत नाही कारण आत कुत्रा झोपलाय' म्हणतं, तेव्हा आईबापांना वेगळं समजवावं लागत नाही. मी हे अनेक सभांत केलंय. शेतावरून थेट आलेले, स्वतः चौथीपर्यंत शिकलेले बापसुद्धा ते कागद हातात धरून पुन्हा पुन्हा बघत बसायचे.

चाळीस मुलांना एक ताई असेल तर यातलं काही होणार नाही, हेही सांगते. ऐकायला माणूस लागतं. फीमधला पैसा गाडीच्या रंगावर आणि स्मार्ट बोर्डावर जातो, त्यातला थोडा दुसऱ्या ताईच्या पगारावर जाऊ द्या. मूल 'म्हणून' म्हणतं तेव्हा ते ऐकणारं कुणीतरी वर्गात हवं.

तुमच्यातल्या कुणाला हे करून बघायचं असेल तर शाळा सुरू होण्याआधी तुमच्या ताईंबरोबर चार दिवस बसायची माझी तयारी आहे. मानधन नको. हौद किंवा मोठं घमेलं आणि दोन संत्री तेवढी असू द्या.

हे लिहितेय तेव्हा संध्याकाळचे सात वाजलेत. शेजारची मुलगी मघाशी दारात येऊन विचारून गेली, 'आजी, चांदोबा आमच्या गाडीबरोबर पळतो, मग तो तुझ्याकडे पण कसा दिसतो?' मी म्हटलं, तुला काय वाटतं? ती उत्तर सांगायला लागली होती. 'तो खूप उंच आहे म्हणून' एवढं म्हणाली आणि तेवढ्यात गृहपाठासाठी तिला आत हाक आली. तिचं वाक्य अर्धं राहिलंय. उद्या तिला 'ग'ची दोन पानं देऊ नका, एवढी विनंती.

आपली,
पहिलीची एक निवृत्त शिक्षिका
जिल्हा सातारा